डिक्री हातात, पैसा कंपनीत

इंदूरच्या सांवेर रोडवर एखाद्या कारखान्याच्या फाटकाशी कोर्टाचा बेलीफ जप्तीचं वॉरंट घेऊन उभा राहिला, की पुढे काय होणार हे तिथल्या चौकीदारालाही पाठ असतं. साहेब बाहेरगावी गेलेले असतात. मुनीम येतो, वॉरंटवरचं नाव नीट वाचतो आणि आवाज न चढवता सांगतो की या नावाच्या माणसाचं इथे काहीही नाही. यंत्रं प्रायव्हेट लिमिटेड कंपनीची, आणि तीही बँकेकडे तारण. शेडची जमीन कंपनीच्या नावाने लीजवर घेतलेली. दारातली मोटार कंपनीची. राहता बंगला पत्नीच्या नावे. बेलीफ ‘जप्त करण्याजोगी मालमत्ता आढळली नाही’ असा शेरा लिहितो, दोन पंचांच्या सह्या होतात, आणि ज्याने आठ-दहा वर्षं खटला चालवून डिक्री मिळवली तो मनुष्य रिक्षा शोधू लागतो. मुनिमाचं एकही विधान खोटं नसतं, खरी अडचण हीच आहे.

हे पुस्तक त्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या माणसासाठी लिहिलं आहे. देणेकरी व्यक्ती आहे, डिक्री तिच्यावर झालेली आहे, पण तिची सारी मिळकत एखाद्या कंपनीतल्या, पेढीतल्या किंवा एलएलपीतल्या (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीतल्या) हिश्श्यात बसलेली आहे. त्या हिश्श्यापर्यंत कायद्याने कसं पोचायचं, एवढाच या पुस्तकाचा विषय.

कंपनीच बुडाली आणि देणी कंपनीचीच असली, तर तो विषय निराळा. त्याची ओळख इंदूरकरांना कुणी करून द्यायला नको. हुकुमचंद मिल डिसेंबर 1991 मध्ये बंद पडली आणि कामगारांच्या थकबाकीपोटी सुमारे 224 कोटी रुपयांचा धनादेश लिक्विडेटरच्या हाती पडायला डिसेंबर 2023 उजाडला. मधल्या 32 वर्षांत कितीतरी कामगार जग सोडून गेले. पण तिथे निदान देणेकरी कोण, याबद्दल वाद नव्हता. आपल्या प्रकरणात कंपनी ठणठणीत असते, नफ्यातही असते, आणि देणेकऱ्याशी आपला काही संबंध नाही असं लेटरहेडवर लिहून देते.

इंदुरातल्या मराठी वाचकासाठी हे पुस्तक मराठीतच लिहावं असं वाटलं, त्याला कारण आहे. इथला मराठी माणूस पिढ्यान् पिढ्या नोकरदार. होळकर दरबारात कारकून, मग शाळेत मास्तर, मग बँकेत आणि विद्युत मंडळात. निवृत्तीनंतर भविष्य निर्वाह निधीची रक्कम हातात आली की ती घरोब्यातल्या एखाद्या उद्योजकाकडे ‘दोन टक्क्यांनी’ जाते. कागद बहुधा एकच, तोही त्या उद्योजकाने व्यक्तिशः लिहून दिलेला. पैसा मात्र त्याच दिवशी कंपनीच्या खात्यात वळता होतो. रामबागेत किंवा लोकमान्यनगरात राहणाऱ्या अशा डिक्रीदारांना कोर्टातला मजकूर हिंदीत कळतो, वकिलाचं इंग्रजीही थोडंबहुत कळतं, पण सल्ला द्यायला मुलगा पुण्यात आणि जावई बंगळुरात. फोनवरून विचारलेल्या प्रश्नांना उत्तर एकच मिळतं, ‘बाबा, सोडून द्या आता’.

सोडून द्यायचं कारण नाही, पण आधी परिस्थिती स्पष्ट मांडायला हवी. आपल्याकडे वादीचं खरं दुखणं डिक्री मिळाल्यानंतर सुरू होतं, हे प्रिव्ही कौन्सिलने 1872 मध्ये दरभंगा राजच्या एका प्रकरणात नोंदवून ठेवलं. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये बजावणीची प्रकरणं सहा महिन्यांत निकाली काढा असं बजावलं, आणि 2025 मध्ये देशभरातून आकडे मागवले तेव्हा आठ लाखांहून जास्त दरखास्ती पडून असल्याचं दिसलं, त्यांतल्या सर्वांत जास्त महाराष्ट्रात. म्हणजे मराठी माणसाने या बाबतीत इंदूर-मुंबई असा भेद मानायचं कारण नाही.

जुन्या इंदुरात देणेकऱ्याला पळायला सरहद्द होती. होळकरांच्या राज्यात डिक्री झाली की तो खंडव्याला, ब्रिटिश मुलखात, जाऊन बसायचा. संस्थानी कोर्टाची डिक्री तिकडे आपसूक चालत नसे. हा घोळ संस्थानं विलीन झाल्यावरही किती पुरला, याचं उदाहरण ग्वाल्हेरच्या सरदार शितोळ्यांचं आहे. ग्वाल्हेरच्या कोर्टाने 1948 मध्ये दिलेली एकतर्फी डिक्री त्यांनी अलाहाबादला बजावणीसाठी नेली. ती परक्या कोर्टाची डिक्री ठरते, म्हणून तिथे बजावता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये दिला. दिवाणी प्रक्रिया संहिता 1 एप्रिल 1951 पासून मध्य भारताला लागू झाली आणि ती सरहद्द हळूहळू पुसली गेली. आता देणेकऱ्याला खंडव्याची गाडी पकडावी लागत नाही. तो सीएकडे जातो आणि कंपनी काढून घेतो.

कंपनी ही भागधारकाहून वेगळी व्यक्ती आहे, हे तत्त्व सॉलोमन प्रकरणात इंग्लंडने 1896 मध्ये पक्कं केलं. आपल्याकडे त्याचा दाखला म्हणून वकील बाचा गझदर प्रकरण सांगतात. चहाच्या कंपन्यांच्या भागधारक असलेल्या या मुंबईच्या बाईंचं म्हणणं असं की कंपनीचं 60 टक्के उत्पन्न शेतीचं धरलं जातं, तर माझ्या लाभांशातला तेवढा वाटाही शेतीचाच धरावा आणि त्यावरचा कर माफ व्हावा. सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्ये ते मानलं नाही. मळा कंपनीचा, भागधारकाला लाभांशात हक्क, मळ्यात नाही. करासाठी झालेला हा निकाल आज वसुलीच्या कामात मुनिमाच्या बाजूने उभा राहतो. सांवेर रोडवरची लेथ देणेकऱ्याची नाही, तो 99 टक्के भागांचा मालक असला तरी नाही.

इथे बहुतेक डिक्रीदार हात टेकतात. माझं म्हणणं असं, की त्याने तेच तत्त्व उलटून धरावं. कंपनी जर खरोखर वेगळी व्यक्ती असेल, तर ती देणेकऱ्याचं देणंही लागू शकते. आणि छोट्या कंपन्यांत ती लागतेच. भागभांडवल लाखभर रुपये दाखवायचं आणि धंद्यात घातलेली खरी रक्कम ‘संचालकांकडून बिनतारणी कर्ज’ म्हणून ताळेबंदात टाकायची, ही आपल्याकडची सर्रास पद्धत. कारणं सोयीची आहेत: भांडवल वाढवायचं तर शुल्क आणि सोपस्कार, कर्ज मात्र हवं तेव्हा परत काढता येतं. म्हणजे ज्याची काहीच मालमत्ता नाही असं मुनीम सांगत होता, त्या माणसाची 60-70 लाखांची येणी त्याच कंपनीच्या ताळेबंदात छापलेली असू शकतात. हा ताळेबंद कंपनी खात्याच्या संकेतस्थळावर किरकोळ शुल्क भरून कुणालाही पाहता येतो. जप्तीचा अर्ज लिहिण्याआधी तो वाचलेला वकील मला क्वचित भेटतो. वाचला तर भाग किती हे पाहतात आणि पान उलटतात.

अशी येणी जप्त करण्यासाठी संहितेच्या आदेश 21 मधला नियम 46 आहे आणि 1976 साली त्याला जोडलेले 46-अ वगैरे उपनियम आहेत. आधी कंपनीला मनाई हुकूम जातो, की या गृहस्थाचे पैसे त्याला देऊ नका. मग नोटीस जाते, की ते कोर्टात भरा, नाहीतर का भरत नाही ते सांगा. कंपनी गप्प बसली तर हुकूम थेट तिच्यावर बजावता येतो, जणू डिक्री तिच्यावरच झाली आहे. ती गप्प बसत नाही, हे उघडच आहे. तिचं ठरलेलं उत्तर असं, की बँकेकडून मुदत कर्ज घेताना संचालकांची रक्कम काढणार नाही असं आम्ही लिहून दिलं आहे. हे उत्तर पुष्कळदा खरं असतं आणि ते ऐकून घ्यावं लागतं. पण ते दिलं की दोन गोष्टी कबूल होतात. देणं आहे, आणि किती आहे. शिवाय मनाई हुकूम कायम राहतो, म्हणजे बँकेची मुदत संपेल त्या दिवशी पैसा देणेकऱ्याच्या खिशात जाणार नाही. दरम्यान चालू वर्षात त्याने त्यातून काही उचल केली असेल तर ती बँकेला दिलेल्या हमीशी कशी जुळते, असा प्रश्न उलटतपासणीत विचारता येतो. या प्रश्नानंतर बोलणी सुरू झालेली मी पाहिली आहेत.

भागांची गोष्ट त्यानंतर. भाग ही जंगम मालमत्ता आहे, ती जप्त होते, विकली जाते. नियम 46 प्रमाणेच भागधारकाला भाग हस्तांतरित करायला आणि लाभांश घ्यायला मनाई होते आणि हुकुमाची एक प्रत कंपनीकडे जाते. विक्री दलालामार्फत करायची मुभा नियम 76 देतो, आणि हस्तांतराच्या कागदावर देणेकरी सही करत नसेल तर नियम 80 नुसार न्यायाधीश किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी सही करतो. सूचीबद्ध कंपनीचे भाग असतील तर हे यंत्र सुरळीत चालतं. विजय मल्ल्यांकडच्या वसुलीत बंगळुरूच्या कर्जवसुली न्यायाधिकरणामार्फत युनायटेड ब्रुअरीजचे भाग जून 2021 मध्ये बाजारात विकले गेले आणि एका दिवसात सुमारे 5,800 कोटी रुपये बँकांच्या पदरात पडले. घेणारी हायनेकेन होती, म्हणजे कंपनीत आधीच बसलेली भागीदार. हा तपशील लक्षात ठेवावा, पुढे कामाला येणार आहे.

सांवेर रोडवरच्या प्रायव्हेट लिमिटेडच्या भागाला दलाल कुठला आणि बाजार कुठला? इंदूरचा स्वतःचा शेअर बाजार 1919 पासून होता, तोही गेल्या दशकात बंद झाला. तसाही त्याचा इथे उपयोग नव्हता. खाजगी कंपनीच्या नियमावलीत भाग बाहेरच्याला देण्यावर बंधन असतंच, ते नसेल तर ती कायद्याने खाजगी कंपनीच होत नाही. कोर्टाच्या लिलावात भाग घेणारा संचालक मंडळापुढे जातो, मंडळ नोंद करायला नकार देतं, तो कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे अपिलात जातो. समजा, नोंद झाली. मग लाभांश कधीच जाहीर होत नाही, नफा संचालकांच्या पगारात आणि भाच्याच्या सल्लागार शुल्कात जिरतो. दुसऱ्याच्या घरच्या लग्नात पैसे मोजून पंगतीत पाट घेतल्यासारखं आहे हे. पाट तुमचा, वाढपी त्यांचे. म्हणून अशा भागाला लिलावात बोली येत नाही, आणि आली तर एकाच दिशेने येते: भाऊ, चुलतभाऊ, दुसरा संचालक.

ही बोली कमी लेखू नये. उलट भागांची जप्ती खरं तर त्याच माणसासाठी असते. भागधारकांच्या सभेत परका येऊन बसणार, ताळेबंदाच्या प्रती मागणार, सभेची नोटीस मागणार, वेळ पडली तर अन्याय आणि गैरव्यवस्थापनाचा अर्ज ठोकणार, ही कल्पना घरच्या कंपनीला सहन होत नाही. धाकट्या भावाने केलेल्या उधारीपायी थोरल्याने स्वतःचा पैसा का काढावा, हे कायदा सांगत नाही. तो परक्याच्या भीतीने काढतो.

पेढ्यांच्या बाबतीत कायद्याने ही गोष्ट उघडच मानली आहे. सियागंजातली किराण्याची तिसऱ्या पिढीची पेढी घ्या, किंवा महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमधली कापडाची. एका भागीदारावर त्याच्या खाजगी कर्जाची डिक्री झाली, तर पेढीच्या गोदामातला माल जप्त करता येत नाही. इंग्लंडात 1890 पर्यंत शेरीफ अशा वेळी दुकानावर धाड घालत असे आणि निरपराध भागीदारांचा धंदा बसत असे; तिथल्या भागीदारी कायद्याने ते थांबवलं. आपल्या संहितेतला नियम 49 त्याच घडणीचा आहे. कोर्ट त्या भागीदाराच्या हिश्श्यावर आणि नफ्यावर बोजा चढवतं, नफ्याचा वाटा गोळा करायला रिसीव्हर नेमू शकतं, हिशेब मागवू शकतं, शेवटी हिस्सा विकायचा हुकूम देऊ शकतं. आणि मग तिसऱ्या पोटनियमात असं म्हटलं आहे की बाकीच्या भागीदारांनी वाटेल तेव्हा रक्कम भरून बोजा उतरवावा, किंवा विक्री निघाली तर हिस्सा स्वतः घ्यावा. कायदा बनवणाऱ्यांनाही गिऱ्हाईक कोण, हे माहीत होतं. भागीदारी कायद्याच्या कलम 44 प्रमाणे तर असा बोजा चढू देणं, हे इतर भागीदारांना पेढी मोडायची मागणी करण्याचं कारणही होतं. त्यामुळे बोजाच्या हुकुमाची प्रत पेढीवर पोचली की देणेकऱ्याला फोन डिक्रीदाराचा येत नाही, काकांचा येतो.

त्या हुकुमात रिसीव्हर आणि हिशेब हे दोन शब्द असावेत, असा माझा आग्रह आहे. नुसता बोजा वर्षानुवर्षं पडून राहतो. हिशेबाचा हुकूम झाला की पेढीच्या वह्या, कच्च्या आणि पक्क्या दोन्ही, कुणीतरी बाहेरचा बघणार हे स्पष्ट होतं. जास्त लिहीत नाही.

एलएलपी हा 2008 नंतरचा प्रकार, आणि इथे वाट अजून पुरती मळलेली नाही. तिला नियम 49 सरळ लागू होत नाही, कारण ती पेढी नसून निगम आहे आणि भागीदारी कायदाही तिला लागत नाही. पण एलएलपी कायद्याचं कलम 42 सांगतं की भागीदाराचा नफ्यातोट्यातला वाटा आणि वाटप घेण्याचा हक्क हस्तांतरित होऊ शकतो. घेणाऱ्याला कारभारात पाय ठेवता येत नाही आणि माहितीही मागता येत नाही. जे हस्तांतरित होतं ते जप्तही होतं, असा युक्तिवाद या पुस्तकाच्या पुढच्या एका प्रकरणात विस्ताराने केला आहे. अमेरिकेतल्या वाचकांना हे ओळखीचं वाटेल. तिथल्या बऱ्याच राज्यांत एलएलसीच्या सभासदाविरुद्ध डिक्रीदाराला वाटपावरच्या बोजापलीकडे काही मिळत नाही. फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये ऑल्मस्टेड प्रकरणात मात्र, सभासद एकटाच असेल तर त्याचा अख्खा हिस्साच काढून घेता येतो, असं ठरवलं. एकट्याच्या कंपनीत संरक्षण कुणाचं करायचं? आपल्याकडच्या एक-व्यक्ती कंपन्यांबाबत हा प्रश्न आज ना उद्या येणारच.

वेळेबद्दल थोडं बोलायला हवं, आणि त्यासाठी इंदूरहून तासाभराच्या अंतरावरच्या देवासला जावं लागेल. तिथल्या आणि हिमाचलातल्या पौंटा साहिबच्या कारखान्यांतून रॅनबॅक्सी अमेरिकेला औषधं पाठवत असे. जपानच्या दाइची सांक्योने 2008 मध्ये मालविंदर आणि शिविंदर सिंग यांच्या कुटुंबाकडून ही कंपनी विकत घेण्याचा करार केला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकी औषध प्रशासनाने दोन्ही कारखान्यांच्या औषधांवर आयातबंदी घातली. विकणाऱ्यांनी चौकशांची माहिती दडवली, असा जपान्यांचा दावा सिंगापूरच्या लवादाने एप्रिल 2016 मध्ये मान्य केला. व्याजासकट रक्कम सुमारे 3,500 कोटी. दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी 2018 मध्ये तो निवाडा बजावणीयोग्य ठरवला. तोवर सिंग बंधूंची ऐपत म्हणजे फोर्टिस हॉस्पिटलांमधला हिस्सा, तोही मधल्या कंपन्यांच्या नावे, त्यातला बराचसा कर्जांपोटी गहाण. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2017 मध्ये ‘जैसे थे’ हुकूम दिला, तरी हिस्सा ओघळत राहिला. नोव्हेंबर 2019 मध्ये दोघे अवमानाचे दोषी ठरले, सप्टेंबर 2022 मध्ये सहा महिन्यांची शिक्षा झाली. शिक्षा झाली म्हणून गेलेले भाग परत येत नाहीत. हजारो कोटींची कंपनी, देशातले नामवंत वकील, सर्वोच्च न्यायालयाचा हुकूम, एवढं सगळं असून जी गळती थांबली नाही, ती कारकुनाच्या साध्या दरखास्तीने थांबेल कशी?

थांबायची तर लवकर थांबते. जप्तीनंतर केलेलं खाजगी हस्तांतर संहितेच्या कलम 64 मुळे डिक्रीदारापुढे टिकत नाही. जप्तीआधी केलेलं पाडायचं तर लबाडी सिद्ध करावी लागते, आणि तो दुसरा दावा होतो. निकालापूर्वीच जप्ती मागता येते, आदेश 38 नियम 5 खाली, पण देणेकरी मालमत्ता हलवतो आहे हे नेमकं दाखवावं लागतं. नुसता संशय चालत नाही, आणि 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या नियमाचा दबावासाठी वापर करू नये अशी तंबीही दिली आहे. डिक्रीची रक्कम तीस दिवसांत आली नाही की लगेच आदेश 21 नियम 41 खाली देणेकऱ्याकडून मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र मागावं. ते दिलं नाही तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. त्यात कंपन्यांमधले भाग, संचालक म्हणून दिलेली कर्जं, पेढ्यांमधला भांडवल खात्यातला शिल्लक आकडा, हे प्रश्न नावनिशीवार विचारावेत. मोघम विचारलं की मोघम उत्तर येतं. कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय मुंबईला किंवा पुण्याला असेल तर डिक्री तिथल्या कोर्टाकडे पाठवून घ्यावी लागते, कारण आपल्या हद्दीबाहेरच्या मालमत्तेवर इंदूरच्या कोर्टाला बजावणी करता येत नाही. यात सहज सहा महिने जातात. डिक्रीची मुदत 12 वर्षं असते खरी, पण त्या भरवशावर बसलेल्यांची प्रकरणं मी वाचली आहेत. अकराव्या वर्षी त्यांच्या हाती लागतो तो कंपनीचं नाव नोंदवहीतून काढून टाकल्याचा दाखला.

एक खुलासा. गरिबाला तुरुंगाची भीती घालून पैसे काढायचं हे पुस्तक नाही. ऐपत नसलेल्या देणेकऱ्याला निव्वळ न दिल्याबद्दल कैद करता येत नाही, हे 1980 च्या जॉली जॉर्ज व्हर्गीस प्रकरणापासून ठरलेलं आहे आणि ते योग्यच आहे. इथे लिहिलं आहे ते ऐपत असून ती कागदामागे ठेवणाऱ्यांबद्दल.

वसुली बहुतेक वेळा लिलावाच्या हातोड्याने होत नाही. ती होते एखाद्या संध्याकाळी, सीएच्या कार्यालयात, थोरल्या भावाने हप्ते मान्य केल्यावर. तो पहिला हप्ता रोख असो की बँकेतून, कोर्टाबाहेर आलेली प्रत्येक रक्कम आदेश 21 नियम 2 प्रमाणे कोर्टाला कळवून नोंदवून घ्यावी, नाहीतर चौथ्या हप्त्यानंतर तडजोड मोडली की कुणी किती दिले यावरून नवा तंटा उभा राहतो. त्या नोंदीचा नमुना अर्ज शेवटच्या परिशिष्टात दिला आहे, आणि बोजा उतरवण्याआधी शेवटच्या हप्त्याचा धनादेश वटल्याची खात्री करावी असं त्याच्याखाली ठळक अक्षरांत छापायला सांगितलं आहे.